सिझरनंतर सहावा दिवस: पोटात नेमकं काय दुखतंय तेच कळत नाही

सुरंगी (रात्री २.४०)

सगळ्यांना नमस्कार. मी म्हापशाजवळच्या गावात राहते. आज बाळाची सटी, त्यामुळे बाहेर जागरण चाललंय आणि पाऊसही थांबत नाही. मी मात्र जागी आहे ती कुशीवर वळायच्या भीतीने.

माझं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी नॉर्मल झालं होतं, चौथ्या दिवशी मी घरभर फिरत होते. या वेळी अकरा तास कळा काढल्या, मग बाळाचे ठोके उतरायला लागले आणि सिझर करावं लागलं. मुलगी आहे, छान आहे.

दुखणं एका जागी नाही. टाक्यांच्या उजव्या टोकाला चिमटा काढल्यासारखं ओढतं. बाळाला पाजायला घेतलं की ओटीपोटात पाळीसारखी कळ येते. पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तर चक्क उजव्या खांद्यात दुखत होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, पण दुधातून बाळाला जातील असं घरात सगळे म्हणतात, म्हणून परवापासून मी त्या बंद केल्या. शेक घेऊ का? पट्टा बांधू का? हे असं किती दिवस चालतं? ताप नाही, टाके कोरडे आहेत. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी सांगा.

आबोली_साखळी

अगो, आधी गोळ्या सुरू कर. बाकी सगळं नंतर.

खोकला, शिंक किंवा हसू आलं तर टाक्यांवर उशी धरून दोन्ही हातांनी दाबायची. मला हॉस्पिटलात कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने स्वतःची उशी काढून दिली आणि धरायची कशी ते दाखवलं. तिचा चेहरा अजून आठवतो.

माडाची सावली

बाळा, आधी अभिनंदन. लक्ष्मी आली घरात.

माझी तिन्ही मुलं घरी सुईणीच्या हातची, त्यामुळे सिझरचा अनुभव नाही. पण दोन्ही सुनांची बाळंतपणं मी केलीत, त्यातलं एक सिझर. आमच्याकडे जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधतात, नाहीतर पोटात वारा शिरतो आणि पोट सुटतं. ओवा-शेपाची धुरी द्यायची. पहिले दहा दिवस पाणी कमी प्यायचं, उकड्या तांदळाची पेज आणि आटवल (तांदूळ-मुगाची मऊ खिचडी) खायची. आंबट बंद. हे नीट केलंस तर म्हातारपणी कंबर धरणार नाही.

मोगरी

सुरंगी, मी बाळंतिणींच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स होते, आता फोंड्याला घरी असते. तू लिहिलेलं वाचून एकच जाणवलं. तू सगळं मिळून 'पोट दुखतं' म्हणतेस, पण त्यात चार वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. वॉर्डात मी पहिल्यांदा हेच विचारायचे, 'बोट ठेवून दाखव, कुठे दुखतं आणि कधी दुखतं?'

पाजताना येते ती कळ गर्भपिशवीची. बाळ दूध ओढायला लागलं की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याने पिशवी आकसते. ती आकसली म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहतो, म्हणजे ही कामाची कळ आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ती पहिल्यापेक्षा जास्त जाणवते, म्हणून तुला वेगळं वाटतंय. बहुतेकींना आठवड्याभरात कमी होते. पाजायला बसण्याआधी लघवी करून ये. मूत्राशय भरलेलं असलं की ही कळ वाढते.

खांद्यातलं दुखणं बहुतेक पोटातल्या हवेचं होतं. ऑपरेशनमध्ये पोटात हवा राहते, श्वासपटलाला ती टोचते आणि जाणवतं मात्र खांद्यात. दोन-चार दिवसांत जातं. ते तुझं गेलंय ना? पुन्हा आलं, किंवा सोबत दम लागला, तर लगेच दाखव.

फुगल्यासारखं वाटतं ते आतड्यांमुळे. ऑपरेशननंतर ती सुस्त होतात, त्यात लोहाच्या गोळ्यांनी संडास घट्ट होते. उपाय दोनच, चालणं आणि पाणी. सकाळी दहा पावलं, दुपारी वीस. पाच मिनिटांचं चालणं दिवसातून सहा वेळा झालं तरी एकदम अर्ध्या तासापेक्षा चांगलं. संडासला कुंथू नकोस, पायाखाली छोटा पाट घे. तरी झाली नाही तर डॉक्टरांना सांग, पातळ करणारं औषध देतात, पाजतानाही चालतं.

उजव्या टोकाचं ओढणं टाक्याचं. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, पण खाली चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण आणि खुद्द पिशवीही शिवलेली असते. त्यांना सहा आठवडे आणि त्याहून जास्त लागतात. वरून टाके सुकले म्हणून आतलं सुकलं असं समजू नकोस. बहुतेकदा टोकाला आत दोऱ्याची गाठ असते, तिथे जास्त खुपतं. दाखवायला जाशील तेव्हा नेमकं तिथे बोट ठेवून डॉक्टरांना विचार.

आता गोळ्या. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधातून फार थोड्या प्रमाणात जातात, पाजणाऱ्या आईला चालतात. तुला बहुधा यातलंच काही दिलंय. गोळीचं नाव डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून खात्री कर. दुखणं चढेपर्यंत थांबू नकोस, लिहून दिलेल्या वेळेला घे. घरातली सर्दीची गोळी सोबत घेऊ नकोस, तिच्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं आणि दुप्पट पोटात जातं. आयबुप्रोफेन जेवणानंतर घ्यायचं. दमा, रक्तदाब, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी विचारायचं. कोडीन आणि ट्रामाडॉल या जोरदार वेदनाशामकांच्या जुन्या पट्ट्या घरात असल्या तर पाजताना त्यांना हात लावायचा नाही.

दुखणं दाबून बसलेली आई चालत नाही. चालत नाही म्हणून गॅस धरतो, गॅस धरला की पोट आणखी दुखतं. हे चक्र मी इतक्यांदा बघितलंय की गोळी नको म्हणणाऱ्या बाईजवळ मी दहा मिनिटं बसूनच राहायचे.

कुळागर

बायकोच्या सिझरनंतर आम्हाला च्युइंगगम चघळायला सांगितलं होतं. मला वाटलं नर्सबाई चेष्टा करतात! नंतर कळलं की चघळण्याने आतडी लवकर जागी होतात. वास्कोत रात्री दहाला गम शोधत मी किती दुकानं पालथी घातली.

मोगरी

@कुळागर, अगदी खरं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग होतो. सिझरच्या बायकांवर त्याचे अभ्यासही झालेत.

घाटावरची

मी पुण्याची, आता पर्वरीला आहे. पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनचा विषय कोणीच काढला नाही? माझी कंबर त्यानेच गेली असं सगळे म्हणतात. सहा वर्षं झाली.

मोगरी

@घाटावरची, इंजेक्शनची जागा काही दिवस दुखते. वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्याने होते असं मात्र दिसलेलं नाही. पोटाचे स्नायू सैल झालेले असतात, वर दिवसातून दहा वेळा वाकून पाजणं. कंबर तिथे जाते. बाळाला उशीवर घेऊन छातीपर्यंत आणायचं, आपण बाळाकडे वाकायचं नाही. सहा वर्षं दुखतेय तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाळंतपण म्हणून सोडून देऊ नका.

एक आहे, उठून बसलं की डोकं भयंकर दुखणं आणि आडवं झालं की थांबणं, हे मात्र त्या इंजेक्शनचं असू शकतं. ते पहिल्या काही दिवसांतच होतं आणि त्याला उपचार आहे.

तांबडी माती

माड ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून शेक आणि धुरीबद्दल सांगते, राग मानू नका.

माझ्या सिझरनंतर अठराव्या दिवशी आईने गरम पाण्याची पिशवी दिली. टाक्यांच्या वर चार बोटांचा पट्टा मला बधिर होता. हात लावला तरी दुसऱ्या कोणाच्या कातडीला लावल्यासारखं वाटायचं. पिशवी किती गरम आहे ते मला कळलंच नाही. काढली तेव्हा पाणी भरलेला फोड, पाच रुपयाच्या नाण्याएवढा. टाके भरले महिन्यात, पण तो डाग अजून आहे. डॉक्टर म्हणाले, चीर देताना कातडीच्या बारीक नसा तुटतात, ती जागा कित्येक महिने बधिर राहते. तिथे शेक नको. शेक हवाच तर कंबरेला, आणि आधी दुसऱ्या कोणी हाताने गरमी बघायची.

आणि शेगडीची धुरी बंद खोलीत खाटेखाली ठेवतात ना, ती नका ठेवू. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ना दिसतो ना वास येतो. पावसात सगळी दारं-खिडक्या लावलेली असतात.

माडाची सावली

राग कसला गं. आमच्या वेळी खोलीला वर कौलं होती, भिंत आणि कौलांमधून वारा खेळायचा. आता स्लॅबची घरं, खिडक्या काचेच्या. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. नातसुनेला सांगते.

पण पट्ट्याचं मी सोडणार नाही. सुनेला पट्टा बांधल्यावरच चालता यायला लागलं, मी डोळ्यांनी बघितलंय.

मोगरी

माड ताई, पट्ट्याचं तुमचं अर्धं बरोबर आहे. उठताना-चालताना पोटाला आधार मिळतो, दुखणं कमी वाटतं, बाई धीराने पावलं टाकते. म्हणून बऱ्याच हॉस्पिटलांत पट्टा देतात. पण श्वास अडेल इतका घट्ट नको, झोपताना काढायचा, आणि ओल्या टाक्यांवर बांधायचा नाही. पोट सुटू नये म्हणून नको, त्याने पोट आत जात नाही.

पाण्याचं मात्र पूर्ण चूक आहे. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला पाणी तोडलं तर संडास दगड होते. पेज आणि आटवल खुशाल द्या, हलकी आहे, पोटाला बरी. सोबत तांबडी भाजी, दुधी, मुगाचं कळण द्या.

केवडा

मला दुसरंच बोलायचंय. माझ्या सिझरनंतर घरी आलेल्या एका नातेवाईक बाईने, बाळाच्या हातात पैसे ठेवताना म्हटलं, 'तुझं बरं, आयतं बाळंतपण झालं.' मी त्या वेळी खाटेच्या दांड्याला धरून उठायचा प्रयत्न करत होते. घामाने ब्लाउज भिजला होता. चार वर्षं झाली, ते वाक्य जात नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली, देशात २१.५. म्हणजे इथे पाचातल्या दोघी. एवढ्या घरांत हे घडतं तरी हे मोठं ऑपरेशन आहे असं कोणी धरत नाही. अपेंडिक्सच्या माणसाला महिनाभर पाणी हातात देतात, आणि सिझरवाली बाळाच्या मागे रात्रभर जागते.

घाटावरची

पण ३९.५ मध्ये गरज नसलेली किती असतील? त्यावरही बोलायला हवं.

केवडा

बोलू ना, वेगळा धागा काढ, मी येते. सुरंगीच्या बाळाचे ठोके उतरले होते. तिला आत्ता ते ऐकवायला नको.

सुरंगी (सकाळी ११.१५)

सगळं दोनदा वाचलं. पहाटे गोळी घेतली. नवऱ्याने फार्मासिस्टला फोन करून नाव विचारलं, पॅरासिटामॉलच आहे. सासूबाईंना मोगरीताईंचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने तांब्या भरून पाणी खाटेजवळ आणून ठेवलं.

केवडा, तुझं वाचून रडू आलं. मलाही परवा तसंच ऐकायला मिळालं.

आता दोन अडचणी. एक, थोरला चार वर्षांचा आहे, धावत येऊन अंगावर उडी मारतो, उचलून घे म्हणतो. दोन, आमचा पलंग आजेसासूबाईंच्या वेळचा, शिसवी, इतका उंच की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. उतरताना अक्षरशः उडी मारावी लागते आणि तेव्हाच उजव्या बाजूला जीव जातो.

कुळागर

ताई, मग अर्धं दुखणं पलंगातच आहे!

जड लाकडी पाट किंवा सुताराकडून रुंद पायरी करून घ्या. प्लास्टिकचं स्टूल नको, सरकतं. नाहीतर सरळ महिनाभर कमी उंचीच्या खाटेवर या. जमिनीवर गादी मात्र नको, तिथून उठणं त्याहून वाईट.

भाऊजींसाठी: रात्री बाळ उचलून आईच्या हातात द्यायचं आणि पाजून झालं की परत ठेवायचं, हे काम आपलं. लंगोट, पाणी, गोळ्या, फोनचा चार्जर, सगळं तिच्या कंबरेच्या उंचीवर. पाण्याची बादली, ओली धुणी, गॅसचा सिलिंडर यांना सहा आठवडे तिने हात लावायचा नाही. बाळाच्या वजनापेक्षा जड काहीच नाही. तपासणीला नेताना स्कूटरवर नको, आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डा दिसतच नाही. गाडीत पट्टा लावताना पोटावर छोटी उशी.

आबोली_साखळी

उठायची पद्धत: गुडघे दुमड, पूर्ण अंग एकदम कुशीवर वळव, खांदा आणि ढुंगण बरोबर. मग पाय खाली सोड आणि कोपराने रेटून उठ. सरळ पाठीवरून उठायचं नाही. वळताना श्वास सोडत राहा, धरून ठेवू नकोस.

थोरल्याला 'आई बसली की मांडी तुझी' असं सांग. आधी तू बस, पोटावर उशी घे, मग त्याला बाजूने चढू दे. माझ्या मुलाला उशीचं नाव 'बाळाचं घर' सांगितलं होतं, त्यावर त्याने कधी पाय दिला नाही.

पावसाळी

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, धाग्यात घुसते त्याबद्दल माफ करा. माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर होऊन बारा दिवस झाले. आधी बरी होती, पण तीन दिवसांपासून दुखणं वाढत चाललंय. टाक्यांच्या मध्ये लाल झालंय, हात लावला तर गरम लागतं, आणि काल कपड्याला पिवळट डाग लागला, थोडा वास येतो. अंग कसकसतंय म्हणते. आई म्हणते दूध साचल्याचा ताप आहे, हळद लाव. काय करू?

मोगरी

पावसाळी, हळद लावू नका, आत्ता निघा. ऑपरेशन झालं तिथे, नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. उद्यावर टाकू नका.

बाकीच्यांसाठीही लिहिते. सिझरचं दुखणं रोज थोडं थोडं उतरायला हवं. कमी होऊन परत चढायला लागलं तर तेच मोठं लक्षण. ताप ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त. टाके लाल, गरम, सुजलेले, पू किंवा उघडलेले. अंगावरून जाताना घाण वास, तासाभरात पॅड भिजणं, लिंबाएवढ्या गुठळ्या. लघवीला जळजळ. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं. यातलं एकही असलं तर घरात चर्चा करायची नाही.

तांबडी माती

पावसाळी, पोचलात की दोन शब्द लिहा गं.

माडाची सावली

देवा, सांभाळ त्या मुलीला.

निवळकोंड

सगळ्या पहिल्या महिन्याबद्दल लिहिताय म्हणून माझं सांगते. सिझरनंतर दोन वर्षांनी मला टाक्यापाशी वाटाण्याएवढी गाठ लागायला लागली, पाळीच्या दिवसांत ती सुजायची आणि ठणकायची. वर्षभर मी 'टाका आहे, दुखायचाच' म्हणून गप्प बसले. तपासल्यावर कळलं की पिशवीच्या अस्तराचा अंश टाक्यात रुजला होता. छोटं ऑपरेशन करून काढला. पाळीबरोबर टाका दुखत असेल तर हे लक्षात ठेवा. खोकताना टाक्याजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो, तोही दाखवावा.

पावसाळी (रात्री ९.५०)

सगळ्यांना सांगते, बहीण दाखल आहे. जखमेत पू झाला होता. दोन टाके उघडून साफ केलं, सलाइनमधून अँटिबायोटिक चालू आहे. ताप ३८.९ होता. आणखी उशीर केला असता तर आत पसरलं असतं म्हणाले. बाळाला पाजू देतात. आई इथेच बसलीय, रडून डोळे सुजलेत. मोगरीताई, तुमच्या पाया पडते.

मोगरी

आईला सांगा, स्वतःला दोष देऊ नका. पावसात हे होतं. पोटाची वळी टाक्यांवर येते, तिथे घाम आणि ओल राहते, कपडे वाळत नाहीत. घरी आल्यावर रोज अंघोळीनंतर जागा टिपून कोरडी करायची, घासायची नाही. आतले कपडे सुती, कंबरेच्या वरपर्यंत येणारे, आणि इस्त्री फिरवून घालायचे. पावडर नको, तेल नको.

सुरंगी (चौदाव्या दिवशी)

उशिरा लिहितेय. पावसाळी, बहीण घरी आली का?

काल दाखवून आले. उजव्या टोकावर बोट ठेवून विचारलं. डॉक्टरांनी चाचपून बघितलं आणि गाठच आहे म्हणाले, दोरा विरघळेल तशी जाईल. पाजतानाची कळ दहाव्या दिवसानंतर आलीच नाही. गोळी आता रात्रीची एकच. पलंगाला सासऱ्यांनी फणसाच्या फळीची पायरी करून दिली, तिच्यावर थोरला बसून राहतो आणि मला उतरायचं असलं की बाजूला होतो. सकाळ-संध्याकाळ पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, काल बारा फेऱ्या झाल्या. परवा रात्री झोपेतच डाव्या कुशीवर वळले, जाग आल्यावर कळलं.

माड ताई, आटवल रोज चालू आहे. माझ्याने ती घट्ट होते. तांदूळ आधी किती वेळ भिजवता?

माडाची सावली

तासभर भिजव, आणि मूग भाजून घे. पाणी गरम घाल, गार घातलंस की घट्ट होते. वर साजूक तूप सोड, कंजूषी करू नकोस.

पावसाळी

आली घरी, काल दुपारी. आत्ता बाळाला घेऊन झोपलीय.